जुनी प्लेस्टेशन आणि कॅसेटवाला टीव्ही गेम: बॉडीचा पिवळेपणा, तडे आणि रंगकाम

कॅसेटवाला_सोलापूर | १२ एप्रिल, रात्री ९:१०

दोन बॉड्या नीट करायच्या आहेत. जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

पहिली राखाडी प्लेस्टेशन १ ची. वरचा अर्धा भाग चहा सांडल्यासारखा पिवळट-तपकिरी, खालचा अर्धा मात्र जवळपास मूळ राखाडीच. सीडीच्या गोल झाकणावर दोन खोल चरे आहेत, नख अडकते.

दुसरी पांढऱ्या-मरून रंगाच्या कॅसेटवाल्या टीव्ही गेमची. पांढरा भाग हळदीच्या हातासारखा पिवळा. आतले स्क्रूचे दोन खांब तुटलेत आणि पुढच्या कोपऱ्याला साधारण ४ सेंमीचा तडा आहे.

सरळ रंग मारावा की आधी पेरॉक्साइड करावे (हायड्रोजन पेरॉक्साइडने पिवळेपणा उजळवावा)? कॉम्प्रेसर नाही, स्प्रे कॅनवरच काम करायचे आहे. आणि दुपारचा पारा सध्या ४१-४२ ला चाललाय, त्याचा फायदा की तोटा?

---

राखाडी_दाणा | १२ एप्रिल, रात्री १०:०२

रंगाचा डबा सध्या बाजूला ठेवा. रंग हा शेवटचा उपाय आहे, कारण रंगाने मूळ पृष्ठभाग कायमचा जातो. प्लेस्टेशनच्या झाकणाला उजेडात तिरके धरून बघा: बारीक रवाळ दाणा दिसेल. तो साच्यातच कोरलेला असतो. पॉलिश पेपर फिरवला की दाणा गेला, आणि गेलेला दाणा परत आणणे फार अवघड. त्यामुळे जिथे नुसता पिवळेपणा आहे तिथे पेरॉक्साइड. जिथे चरे, तडे, भराव आहे तिथेच रंग.

तुमच्या बाबतीत प्लेस्टेशनच्या वरच्या भागाला पेरॉक्साइड आणि फक्त गोल झाकणाला रंग. टीव्ही गेमच्या कोपऱ्याला भराव लागणारच, म्हणून त्याच्या पांढऱ्या भागाला पूर्ण रंग, तिथे पेरॉक्साइड करण्यात अर्थ नाही. रंगाखाली पिवळा काय आणि पांढरा काय, सारखेच.

क्रम चुकवू नका. प्लेस्टेशनला पेरॉक्साइड आधी, मग झाकणाचा रंग. उलट केलेत तर झाकण एका छटेचे आणि बॉडी दुसऱ्या छटेची होईल. उजळून आलेल्या बॉडीचाच तुकडा रंगाच्या दुकानात न्यायचा आणि त्याच्याशी जुळवून रंग मिसळून घ्यायचा.

वरचा अर्धा पिवळा आणि खालचा नाही हे बऱ्याच मशीनमध्ये दिसते. दोन्ही भाग एबीएस या कडक प्लास्टिकचेच असले तरी प्लास्टिकच्या वेगळ्या खेपेतून ओतलेले असतात आणि मिश्रणात थोडाफार फरक असतो. एबीएसमधल्या ब्युटाडाइनच्या रबरी भागाचे हवेतल्या ऑक्सिजनने आणि अतिनील किरणांनी ऑक्सिडेशन होते. आग लवकर लागू नये म्हणून घातलेल्या ब्रोमीनयुक्त रसायनांचाही त्या काळच्या प्लास्टिकमध्ये यात हात असतो. म्हणूनच माळ्यावर खोक्यात बंद ठेवलेली बॉडीसुद्धा पिवळी पडते. ऊन लागले नाही तरी उष्णता पुरते.

उघडण्याआधी एक महत्त्वाचे. प्लेस्टेशन १ चा पॉवर सप्लाय बॉडीच्या आतच आहे, थेट २३० व्होल्ट. वायर काढून किमान १० मिनिटे थांबा आणि पॉवर बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरला हात लावू नका. टीव्ही गेमला बाहेरचा अडॅप्टर असतो, तिथे हा धोका नाही.

---

प्रोसेस_हाऊस | १३ एप्रिल, सकाळी ७:४५

पेरॉक्साइडबद्दल मी लिहितो. टॉवेल-चादरीचे ब्लीचिंग रोजचे आहे, रसायन तेच.

मेडिकलमध्ये मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड ६ टक्क्यांचे असते, बाटलीवर '२० व्हॉल्यूम' असेही छापलेले असते. पार्लरचे सामान विकणाऱ्या दुकानात डेव्हलपर क्रीम (केस रंगवताना लागणारी पेरॉक्साइडची क्रीम) मिळते: २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२. प्लेस्टेशनच्या वरच्या भागाला द्रव पद्धत चांगली. क्रीममध्ये पट्टे पडण्याची भीती जास्त. लेप जिथे पातळ राहिला किंवा सुकला तिथे कमी उजळते आणि ढगाळ डाग राहतात. एकदा पडलेले ते डाग निघता निघत नाहीत. सोलापूरच्या दुपारच्या उन्हात क्लिंग फिल्मखालीसुद्धा क्रीम तासाभरात सुकते.

द्रव पद्धत अशी:

पारदर्शक किंवा पांढरा प्लास्टिकचा टब घ्या. स्टील, अॅल्युमिनियम, तांब्या-पितळेचे भांडे अजिबात नको. धातूच्या स्पर्शाने पेरॉक्साइड फुकट फुटून जाते. याच कारणाने बॉडीवरचे स्प्रिंग, पत्रे, स्क्रू सगळे आधी काढायचे. टब मोठा असेल तर ५-६ लिटर द्रव लागेल, ते महाग पडते. पाणी भरून बूच घट्ट लावलेल्या दोन-तीन बाटल्या टबात ठेवा, त्यांनी जागा अडते आणि दोन-अडीच लिटरमध्ये भागते.

पातळ करायचे असेल तर बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटरच वापरा. बोअरचे पाणी तर नकोच, उजनीचे नळाचे पाणीही नको. पाण्यात लोह किंवा तांब्याचा अंश असला की पेरॉक्साइड वेगाने फुटते. कापडावर याच कारणाने बारीक भोके पडतात, इथे नुसती ताकद वाया जाईल.

बॉडी आधी भांड्याच्या साबणाने आणि मऊ ब्रशने धुवा. तेलकट बोटांचे ठसे राहिले तर तिथे पेरॉक्साइड नीट भिजवत नाही.

---

प्रोसेस_हाऊस | १३ एप्रिल, सकाळी ८:२०

पुढचे.

एबीएस पाण्यापेक्षा किंचित जड, त्यामुळे बॉडी बुडते. पण ऊन लागल्यावर ऑक्सिजनचे बुडबुडे पोकळीत साठतात आणि तीच बॉडी वर तरंगायला लागते. जो भाग पृष्ठभागाच्या वर येतो तिथे रेघ पडते. म्हणून बॉडी पोकळी वर करून, म्हणजे उलट्या ताटासारखी नाही तर सुलट्या वाटीसारखी ठेवा, आणि काचेचे जड काही वर ठेवा. दर अर्ध्या तासाने हलवून, टिचकी मारून बुडबुडे सोडवायचे. चिकटून राहिलेल्या प्रत्येक बुडबुड्याखाली पिवळा ठिपका उरतो. उजळायची बाजू खाली आली म्हणून काळजी नको. टब पारदर्शक असेल तर खाली पांढरी फरशी किंवा अॅल्युमिनियम फॉइल अंथरा, ऊन परतून वर येते. फॉइल टबाच्या बाहेर, द्रवात नाही.

टबावर झाकण सैल ठेवायचे, कधीही घट्ट नाही. ऑक्सिजन सुटत असतो, बंद डबा फुगून फुटेल.

वेळ आणि तापमान: टब उन्हात सकाळी ९ ते ११:३० आणि दुपारी ३ ते ५:३० ठेवा. द्रव ५०-५५ अंशांपर्यंत गेला तर काम पटकन होते, उष्णता ऊनाइतकीच उपयोगी. ६० च्या वर जाऊ देऊ नका. एबीएस मऊ व्हायला १०० च्या आसपास लागते हे खरे, पण वजन ठेवलेली पातळ कड त्याच्या बरीच आधी वाकते. स्वयंपाकघरातला किंवा दुधाचा थर्मामीटर टबात सोडा, फक्त धातूचा नको, काचेचा.

६ टक्क्याला साधारण ६ ते १० तास उन्हाचे, दोन दिवसांत विभागून. ओली बॉडी गडद दिसते, म्हणून बाहेर काढून धुऊन सावलीत वाळवल्यावरच निर्णय घ्या. जास्त वेळ ठेवलीत तर पृष्ठभागावर पिठूळ पांढरट थर येतो. मूळ राखाडीच्या थोडे अलीकडेच थांबा.

हातात नायट्राइल हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. ६ टक्क्यानेही कातडी पांढरी पडून चुणचुणते.

---

बार्शी_नाका | १३ एप्रिल, सकाळी ९:३३

अक्कलकोट रोड एमआयडीसीत कॅनमध्ये ५० टक्क्यांचे मिळते ना? एक भागाला सात भाग पाणी टाकले की झाले. स्वस्त पडेल.

---

प्रोसेस_हाऊस | १३ एप्रिल, सकाळी १०:०५

नको हो, कृपा करून नको. ५० टक्क्यांचे पेरॉक्साइड कातडीवर पडले की भाजते, डोळ्यात गेले तर डोळा जातो. सुती चिंध्यांवर सांडून तसेच राहिले तर ते पेट घेऊ शकते. कारखान्यात त्यासाठी वेगळी साठवण, शॉवर, चष्मे असतात. घरच्या गॅलरीत यातले काही नसते.

गणितही चुकतेय. ५० टक्के हे वजनाने मोजलेले असते आणि ते पाण्यापेक्षा जड. १०० मिलीमध्ये जवळपास ६० ग्रॅम पेरॉक्साइड असते, म्हणजे ६ टक्क्यासाठी एकूण १ लिटर करावे लागते, एकास नऊ. एकास सातने तुमचे साडेसात टक्के होईल. मेडिकलमधल्या बाटल्याच आणा.

कोणी सोडा किंवा कॉस्टिक घालायला सांगेल तर तेही नको. कापडाच्या ब्लीचिंगमध्ये आम्ही अल्कली घालतो, पण सोबत स्टॅबिलायझर असतो. स्टॅबिलायझरशिवाय अल्कली घातली की पेरॉक्साइड अर्ध्या तासात फसफसून संपते.

---

कॅसेटवाला_सोलापूर | १३ एप्रिल, दुपारी १२:१५

मेडिकलचेच आणतो. झाकणावरचे चिन्ह आणि खालचे सिरियलचे स्टिकर यांचे काय? आणि टीव्ही गेमचा मरून भाग?

---

राखाडी_दाणा | १३ एप्रिल, दुपारी १:०२

सिरियलचे स्टिकर हेअर ड्रायरने कोमट करून, एका कोपऱ्यापासून अगदी आडवे ओढत सोडवा. सरळ वर ओढले तर कागद फाटतो. काढलेले स्टिकर बटर पेपरवर चिकटवून वहीत ठेवा. मागे उरलेला डिंक आयसोप्रोपिल अल्कोहोलने: कापसाचा बोळा भिजवून १० मिनिटे ठेवायचा, मग बोटाने घासायचा. एसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर, एनसी थिनर बाहेरच्या बाजूला लावूच नका, एबीएस विरघळते. वितळलेला डाग कशानेच परत येत नाही. मॅजिक स्पंज म्हणून मिळतो तोही टाळा, तो म्हणजे फार बारीक पॉलिश पेपरच असतो.

मरून भागाला पेरॉक्साइड दाखवू नका. रंगद्रव्य फिके पडण्याची भीती असते. नुसता धुवा.

छापील चिन्ह पेरॉक्साइडमध्ये टिकेल की नाही हे छपाईवर अवलंबून. झाकण तसेही रंगवणार आहात, म्हणून ते टबात घालूच नका. त्याआधी चिन्हाचा फोटो सरळ वरून काढा, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून. पट्टीशिवाय काढलेला फोटो नंतर मापाला कामाचा नाही.

टीव्ही गेमची बॉडी एबीएसचीच आहे हे आधी तपासा. आतल्या बाजूला बाणांच्या खुणांत एबीएस असे उठावात असते. नसेल तर एक छोटा सुटा तुकडा पाण्यात टाका. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन, त्याला एसिटोनमध्ये एबीएस विरघळवून केलेला डिंक चिकटणार नाही आणि साधा प्रायमरही (रंगाखालचा पहिला थर) धरणार नाही.

---

तडा_आणि_खांब | १३ एप्रिल, संध्याकाळी ६:४८

दुरुस्तीचे मी लिहितो.

फेविक्विकने तडा जोडू नका. जोड ठिसूळ होतो आणि बाजूला पांढरी वाफ बसते. एबीएसला एबीएसनेच जोडायचे. जुन्या कीबोर्डची किंवा मॉनिटरची एबीएस खूण असलेली मागची बाजू घ्या, पक्कडीने बारीक तुकडे करा. १० ग्रॅम तुकडे, २५ ते ३० मिली शुद्ध एसिटोन, घट्ट झाकणाची काचेची बाटली, रात्रभर. सकाळी काकवीसारखे घट्ट झाले पाहिजे. काडी उचलल्यावर धार तुटू नये. पातळ असेल तर झाकण उघडून थोडे उडू द्या, घट्ट असेल तर थेंब थेंब एसिटोन. एसिटोन भयंकर पेट घेते, गॅसच्या शेगडीजवळ बाटली उघडू नका.

तड्याच्या आतल्या टोकाला १.५ मिमीचे भोक पाडा. गोल भोकावर ताण पसरतो आणि तडा पुढे पळत नाही. मग आतल्या बाजूने तड्याला कानशीने इंग्रजी व्ही सारखी खाच द्या, जाडीच्या दोन-तृतीयांशपर्यंत. कडा जुळवून बाहेरून टेप लावा, आतून खाच भरा. २४ तासांनी बघाल तर भराव खाली बसलेला असेल, एसिटोन उडाल्यामुळे. परत भरा. वरून १.५ मिमी जाडीची एबीएसची पट्टी आडवी चिकटवा, तड्याच्या दोन्ही बाजूंना १५ मिमी तरी जाईल अशी.

रंगाआधी किमान ३ दिवस वाट बघा. आत अडकलेले एसिटोन नंतर निघताना रंगाला फोड आणते, नाहीतर जागा खोलगट होते. सगळ्यात जास्त कामे इथेच बिघडतात, घाईने.

खांबांचे: तुटलेला तुकडा सापडला तर तोच परत बसवा. नसेल तर बाहेरून बसेल अशी नळी शोधा, जाड बॉलपेनच्या नळीचा तुकडा बहुधा बसतो. खांबाचे टोक ८० नंबरच्या कागदाने खरवडा, नळी बसवा, आत तेच काकवीसारखे मिश्रण भरा. उंची शेजारच्या धड खांबावर व्हर्नियर लावून मोजा. अर्धा मिलिमीटर जरी उंच राहिला तरी बॉडीच्या जोडाला फट दिसेल. ४८ तासांनी ३ मिमीच्या स्क्रूसाठी २.५ मिमीचे भोक. भोक लहान ठेवले तर स्क्रू खांबाला चिरेल.

स्क्रू लावताना आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यात 'टक' करून बसतो, मग सुलटा आवळा. दर वेळी नवा आटा पडला की खांब आतून पोखरतो. बऱ्याच जुन्या बॉड्यांचे खांब त्यामुळेच गेलेत.

---

गॅरेज_गन | १४ एप्रिल, सकाळी ६:३०

आता रंग. सोलापूरच्या उन्हाळ्यात रंगकाम करणाऱ्यांनी हे नीट वाचा, कारण कॅनवर छापलेल्या वेळा आपल्याकडच्या हवेसाठी नसतात.

वेळ: सकाळी ६:३० ते ८:३०. त्यानंतर नाही. ३५ अंशांच्या वर आणि कोरड्या हवेत रंगाचा थेंब बॉडीपर्यंत पोचायच्या आधीच अर्धा सुकतो आणि खरखरीत बसतो. आमच्यात त्याला 'ड्राय' आला म्हणतात. रंगवलेला माल उन्हात वाळत घालू नका: वरची साय आधी धरते, खालचा थिनर ती फोडून वर येतो आणि टाचणीने टोचल्यासारखी भोके पडतात. कॅन स्वतः उन्हात ठेवला तर फुटू शकतो, ५० अंशांची मर्यादा त्यावर छापलेलीच असते.

धूळ: कामाआधी २० मिनिटे जमिनीवर सडा टाका, पंखा बंद. पूर्व भागात राहणाऱ्यांनी खिडकीला ओला पंचा लावा, यंत्रमागाचे तंतू हवेत असतातच. रंगासाठी पुठ्ठ्याचे खोके वापरणार असाल तर आतून प्लास्टिकचा कागद लावा, पुठ्ठाही तंतू सोडतो. आणि पुसायला टॉवेल नको. सोलापुरी टॉवेल अंगाला कितीही छान असला तरी त्याच्या फासांतून धागे सुटतात. जुन्या धुतलेल्या मलमलीचे फडके अल्कोहोलमध्ये ओलसर करून पुसा. कोरडे फडके घासले की प्लास्टिकवर स्थिर वीज येते आणि धूळ उलट ओढली जाते.

तयारी: झाकणाचे चरे आधी ४०० च्या वॉटर पेपरने उतार देऊन घासा, मग ६००. नख अडकते म्हणजे पुट्टी लागणार. एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी वापरू नका, ती महिनाभर आक्रसत राहते आणि चर परत उमटते. पॉली (पॉलिएस्टर) पुट्टी घ्या, ती हार्डनर मिसळून कडक होते. हार्डनर वजनाच्या २ टक्के, म्हणजे २० ग्रॅमला ०.४ ग्रॅम, पण ४० अंशांत पुट्टी ३ मिनिटांत दगड होते, म्हणून सकाळीच आणि हार्डनर थोडा कमी. हार्डनर जास्त झाला तर तो वरच्या पांढऱ्या रंगात पिवळट डाग बनून फुटतो. टीव्ही गेमच्या पांढऱ्या कोपऱ्यावर हे हमखास दिसेल. बाकी न बिघडलेल्या भागाला पेपर नको, करड्या स्कॉच-ब्राइटने हलके घासा. दाणा राहतो आणि रंगाला पकड मिळते.

---

गॅरेज_गन | १४ एप्रिल, सकाळी ६:५८

माल किती लागेल: प्लेस्टेशन ढोबळ २७ बाय १९ बाय ६ सेंमी धरली तर बाहेरचे क्षेत्र ०.१६ चौरस मीटरच्या आसपास. ४०० मिलीचा कॅन एका हाताला (म्हणजे एका थराला) साधारण एक ते दीड चौरस मीटर जातो. चार हात धरले आणि हवेत उडालेला धरला तरी दोन्ही कामांना प्रायमरचा एक, प्रत्येक रंगाचा एक आणि सॅटिन क्लिअरचा (रंगावरचा मंद चमकीचा पारदर्शक थर) एक पुरे. पांढऱ्याखाली पांढराच प्रायमर घ्या, करड्यावर पांढरा झाकायला दुप्पट हात लागतात.

आधी आतल्या बाजूला स्क्रूच्या खांबाजवळ थोडा मारून बघा. ओतकामात ताण राहिलेल्या जागी काही रंगांचा थिनर बारीक जाळी पाडतो. जाळी आली तर तो कॅन बाजूला.

कॅन गोळी वाजायला लागल्यावर अजून २ मिनिटे हलवा. अंतर २० सेंमी, आपल्या हवेत १५-१८ चालेल. झोत बॉडीच्या बाहेर सुरू करा, बाहेरच थांबवा. पहिला हात नुसता धुरळा, खालचे दिसले पाहिजे. मग १० मिनिटांनी एकेक. प्रायमर २, रंग ३ ते ४, क्लिअर २.

कॅनवर 'तासाच्या आत किंवा २४ तासांनंतर' असे लिहिले असेल तर ते शब्दशः पाळा. मधल्या वेळात मारले की खालचा अर्धा सुकलेला थर नव्या थिनरने फुगतो आणि दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या येतात. त्या घासून परत पहिल्यापासून.

रंगात गोल गोल माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडले तर ते सिलिकॉन किंवा तेल: डॅशबोर्ड पॉलिश, गंजावर मारायचा स्प्रे, केसाचे तेल लागलेला हात. वरून जास्त रंग मारून भरत नाहीत. पुसून, धुऊन, अल्कोहोलने दोनदा साफ करून मगच.

टू-के (हार्डनर मिसळायचा, दोन घटकांचा) क्लिअर जास्त टिकतो हे खरे, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. फुफ्फुसाला ते कायमचे बाधते आणि कापडी मास्कला ते कळतही नाही. घरी टू-के मारू नका. हवा असेल तर तेवढा हात गॅरेजमधून मारून घ्या.

---

कॅसेटवाला_सोलापूर | २० एप्रिल, रात्री ८:४०

स्थिती: पेरॉक्साइड दोन दिवसांत नऊ तास झाले. वरचा भाग आता खालच्याला जवळपास जुळतो, फक्त मागच्या कोपऱ्यात दोन फिकट पिवळे ठिपके. झाकणाला प्रायमर मारला. पण पुट्टी घासलेला भाग गुळगुळीत आणि बाकीचा रवाळ, रंग मारल्यावर तो चट्टा दिसेल असे वाटते.

---

गॅरेज_गन | २० एप्रिल, रात्री ९:१५

दिसेलच. त्यावर उपाय ड्रायचाच आहे. इथे तो मुद्दाम आणायचा. सकाळी ८:३० च्या सुमाराला, हवा तापायला लागली की प्रायमरचा कॅन ३५-४० सेंमी लांबून, अगदी छोटे झोत देत फक्त त्या गुळगुळीत चट्ट्यावर मारा. अर्धवट सुकलेले थेंब बारीक दाणे होऊन बसतील. कागदावर आधी ४-५ वेळा सराव करा आणि शेजारच्या मूळ दाण्याशी भिंगाने ताडून बघा. कडा धारदार नको, म्हणून चट्ट्याभोवती कागदाला मोठे भोक पाडून तो २ सेंमी वर धरा. तासाभराने हाताने हलके चोळा, सुटे दाणे पडून जातील. मग रंग.

---

राखाडी_दाणा | २० एप्रिल, रात्री ९:५०

ठिपके म्हणजे बुडबुडे. त्या कोपऱ्यापुरती ६ टक्क्याची क्रीम, क्लिंग फिल्म आणि दर २० मिनिटांनी बोटाने फिरवणे, असे दोन तास करा. सगळी बॉडी परत बुडवू नका.

रंग मिसळून घेताना दुकानात ट्यूबलाइटखाली बघू नका. तुकडा आणि नमुना दोन्ही बाहेर सावलीत धरा. नमुन्याचा ठिपका वाळल्यावरच होकार द्या, ओला आणि वाळलेला यात फरक पडतो. टीव्ही गेमसाठी आतल्या बाजूची, कधीच ऊन न लागलेली जागा दाखवा. पांढरा शुद्ध नसतो, त्यात किंचित पिवळा आणि काळा असतो. तयार सफेद कॅन मरूनच्या शेजारी बाथरूमच्या टाइलसारखा दिसतो.

---

कार्ड_छपाई | २१ एप्रिल, सकाळी ११:२०

चिन्हासाठी दोन रस्ते. झाकण जिथे सपाट आहे तिथे स्क्रीन प्रिंटिंग होते. लग्नपत्रिका छापणारा कोणीही स्क्रीन बनवून देईल, पण त्याला सांगा की कागदाची नाही, प्लास्टिकची शाई हवी, आणि एक ठसा आधी रंगवलेल्या टाकाऊ तुकड्यावर घ्या. एका रंगाला एक स्क्रीन, त्यामुळे बहुरंगी चिन्ह महाग पडते.

दुसरा रस्ता वॉटर स्लाइड डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायचे छापील चित्र. लेझर प्रिंटरवर छापा. इंकजेटची शाई क्लिअरने फुटते. साधा प्रिंटर पांढरा छापत नाही, म्हणून चिन्हात पांढरे असेल तर ती जागा राखाडी दिसेल. ते पांढरे आधी खाली रंगवून घ्यावे लागेल. डेकल रंग आणि क्लिअरच्या मधे. रंग २४ तास वाळल्यावर, डिस्टिल्ड वॉटरमध्ये ३० सेकंद भिजवून सरकवायचे, खालचे पाणी मऊ ब्रशने मधून बाहेर ढकलायचे. क्लिअरचे पहिले दोन हात धुरळ्यासारखे. एकदम ओला मारला की डेकलची कड वळते.

---

तडा_आणि_खांब | २१ एप्रिल, दुपारी २:०५

एक राहिले. रंगाची जाडी. प्रायमर-रंग-क्लिअर मिळून सहज ०.१ मिमी होते. बटणाच्या भोकाला दोन्ही बाजूंनी तेवढे, आणि बटणही रंगवले तर त्यालाही. मग पॉवरचे बटण आत दबून तिथेच अडकते. भोकांच्या आतल्या कडा, झाकणाची बिजागरी, कॅसेटच्या खाचेच्या कडा, वरच्या-खालच्या भागांचा जोड, सगळे मास्किंग टेपने झाका. खाकी टेप नको, उन्हाळ्यात त्याचा डिंक बॉडीवरच राहतो. शेवटच्या हातानंतर १० मिनिटांत टेप स्वतःवर दुमडत काढा. पूर्ण सुकल्यावर काढली तर रंगाची कड सोबत उचलते. हवा जाण्याच्या फटी रंगाने बुजल्या नाहीत ना, उजेडात धरून बघा.

---

कॅसेटवाला_सोलापूर | २१ एप्रिल, रात्री ९:३०

पॉवर आणि ओपनची बटणे मग रंगवायचीच नाहीत ना? त्यांना पेरॉक्साइड करतो. आणि जोडणी किती दिवसांनी?

---

गॅरेज_गन | २२ एप्रिल, सकाळी ६:४०

बटणे अजिबात रंगवू नका, बोटाने तिथला रंग आधी निघतो.

हाताला कोरडा लागला म्हणजे वाळला असे नाही. कॅनचा रंग पूर्ण कडक व्हायला दोन आठवडे धरा. आतल्या न दिसणाऱ्या कडेला नख दाबून बघा, ठसा उमटला तर अजून थांबायचे. सावलीत, हवेशीर जागी, वर उलटी जाळीची टोपली ठेवून. वर्तमानपत्रावर ठेवू नका, शाई चिकटते. कपाटात बंद केलेत तर थिनर निघत नाही आणि महिनाभर मऊच राहील.

जोडताना झाकण बसवायच्या आधी आतला भाग ब्लोअरने साफ करा. प्रायमरची भुकटी लेन्सवर बसली तर सीडी वाचणार नाही. लेन्सला फडके लावू नका, लागलेच तर अल्कोहोलने ओलसर इअरबड, दाब न देता, एकदाच. आणि झाकणाची स्प्रिंग बसवताना तिचे टोक नव्या रंगावर घासणार नाही अशा बाजूने आत घाला, तिथे टेपचा तुकडा तात्पुरता लावून ठेवला तर उत्तम.